पिवळं पडलेलं कव्हर

फोनचं मागचं कव्हर काढलं, तशी माझी पाठही निघून आली.

दुखलं वगैरे काही नाही. कव्हराच्या कोपऱ्यात नख घातलं, जरा ताण दिला, टक् असा आवाज झाला आणि कव्हराच्या मागोमाग मानेपासून कमरेपर्यंतचा एक सलग तुकडा सुटून हातात आला. दुधावरची साय उचलावी तसा. तोही कव्हरासारखाच पिवळा पडला होता. हळदीच्या पेढीवर उभा जन्म नोकरी केल्यावर दुसरं काय होणार? मार्केट यार्डात माणसाचं सगळंच हळूहळू पिवळं होतं.

मला पहिल्यांदा आला तो राग. हे आजच व्हायचं होतं. आज गोरज मुहूर्तावर माझ्या भाचीचं, ऋताचं लग्न होतं आणि मी तिचा एकुलता एक मामा. अंतरपाट धरला की मामाने नवरीच्या मागे उभं राहायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. ऋताचे वडील ती शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून माझ्या बहिणीने, सुलभाने, माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. परवा मात्र तिने मुद्दाम फोन केला आणि म्हणाली, "दादा, बाकी काही करू नकोस. तू फक्त तिच्या मागे उभा राहा. आपल्या मागे कुणीतरी आहे, एवढं पोरीला वाटू दे."

आणि कव्हर काढायला लावलं तेही ऋतानेच. मामा, फोटोत तुझा फोन येणार, लग्नापुरतं तरी ते कव्हर बदल, असं ती महिनाभर कानीकपाळी ओरडत होती. म्हणून मी सकाळी चहा झाल्यावर, निघायच्या तयारीत जाकीट खांद्यावर टाकून, ते काढायला बसलो होतो.

तेवढ्यात खाली घंटागाडी आली. कर्ण्यावर तिचं ते स्वच्छतेचं गाणं लागलं आणि माझा हात आपोआप डब्याकडे गेला. आमच्या भागात घंटागाडी चुकली की पुढे किती दिवस येणार नाही याचा नेम नसतो. गाणं ऐकू आलं की माणूस हातात असेल ते घेऊन धावतो. मीही फोनसकट धावलो. पाठ कव्हराला चिकटलेलीच होती. ती वेगळी करत बसलो असतो तर गाडी निघून गेली असती.

"वला का सुका?" गाडीवरच्या बाईने विचारलं.

"सुका."

तिने पाठ हातात घेऊन उलटीपालटी केली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि सुकीच आहे म्हणत निळ्या कप्प्यात टाकली. गाडी पुढे गेली. तेव्हा मला पुडी आठवली.

कव्हराच्या आत, फोनला लागून, अंगाऱ्याची पुडी होती. गेल्या वर्षी मला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा सुलभा कुलदेवीला जाऊन आली होती आणि येताना तिने ती आणली होती. उशीखाली ठेवलीस तर हरवशील, फोन काही तू हरवत नाहीस, असं म्हणून तिने स्वतःच्या हाताने कव्हर उचकटून ती आत सरकवली होती. आता पुडीही सुक्या कचऱ्यात गेली होती.

चपला घालून गाडीमागे पळावं म्हणून मी घराकडे वळलो. घर नव्हतं. पडलं नव्हतं, जळलं नव्हतं. घराच्या जागी काहीच नव्हतं. पुन्हा गाडीकडे वळलो, तर आता गाडी नव्हती आणि गाडी ज्या रस्त्याने गेली तो रस्ताही नव्हता. डावीउजवीकडचं काय ते शिल्लक होतं. डावीकडे शेजारचे देशिंगकर कपबशी घेऊन फाटकात उभे होते.

"मुकुंदराव," ते म्हणाले, "तुम्ही मागून उघडे आहात. आता इकडे तिकडे वळू नका. तडक मगदूमकडे जा."

देशिंगकरांचं मला कधी पटत नाही, पण हे पटलं. मी त्यांच्या समोरून पुढे गेलो. पुढे गेलो म्हणजे ते मागे पडले. दुसऱ्या क्षणाला त्यांची कपबशी माझ्या बरगड्यांच्या खाली किणकिणली. मग मला उमगलं की नाहीसं काही झालेलं नाही. पाठ उघडी असल्यामुळे जे मागे पडेल ते आत पडत होतं. घर पोटाच्या डाव्या बाजूला होतं. घंटागाडी अजून चालूच होती, तिचं गाणं मला आतून ऐकू येत होतं. पाठ तिच्यातच होती आणि पुडीही. स्वतःच्या पोटात हात घालता येत नाही याची इतकी चीड मला पूर्वी कधी आली नव्हती.

मगदूम मोबाइल हे दुकान मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. तिथवर जाताना एक केळ्यांची गाडी, दोन शाळकरी मुली आणि एक पिंपळ मागे पडला. पिंपळाने बराच वेळ आत जागा करून घेतली. दुकानात पोचेपर्यंत मला धाप लागली होती.

रावसाहेब मगदूम काउंटरवर काच पुसत होते. मी नमस्कार करून वळायला लागलो तशी त्यांनी मला थांबवलं.

"दुकानाकडं पाठ करू नका. आडवं उभं राहा, मी आरशात बघतो."

त्यांनी दाढीचा आरसा माझ्या मागे धरला आणि बाजूने डोकावून पाहिलं. मग फोन मागितला, तोही उलटा करून पाहिला.

"हे मॉडेल बंद झालं की हो."

"फोनचं?"

"दोन्हीचं. साइज एकच आहे. ओरिजिनल कुठाय?"

मी सांगितलं. ओला की सुका, असं त्यांनीही विचारलं. मग म्हणाले, "लोक कव्हर काढतात आणि मग आमच्याकडं येतात. आधी येऊन मग काढावं."

मी म्हटलं, गोरजाला मला भाचीच्या मागे उभं राहायचंय, काहीतरी करा. ते आत जाऊन खोकं घेऊन आले.

आधी त्यांनी कुठल्याही फोनला बसतं ते, चार कोपऱ्यांना आकडे असलेलं कव्हर लावलं. ते माझ्या खांद्यांना आणि कमरेला अडकलं आणि इतकं ताणलं गेलं की मी कमानीसारखा मागे वाकलो. मग पुस्तकासारखं उघडमीट होणारं लावलं. ते मागून बसलं, पण त्याचं झाकण पुढून मिटलं आणि माझं तोंड त्यात गेलं. आतून ओरडलो तेव्हा मगदूमांनी ते उघडलं आणि हे लग्नात चालणार नाही म्हणाले, जणू मला कळत नव्हतं. नंतर एक काळं निघालं. ते झकास बसलं. मी सुटकेचा निःश्वास सोडला, तर गिऱ्हाईकं हसायला लागली. त्याच्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'नाद करायचा नाय' असं छापलेलं होतं.

"त्यावर जाकीट घालतो," मी म्हणालो.

"अक्षरं जाकिटावर उमटतात," मगदूम म्हणाले. त्यांनी माझं जाकीट वर धरून दाखवलं. अक्षरं खरोखरच उमटली होती.

शेवटी जवळच्या मॉडेलचं एक पारदर्शक कव्हर राहिलं. मगदूमांनी गरम हवेच्या बंदुकीने ते मऊ केलं, ब्लेडने कडा तासल्या, कानशीने घासल्या. कॅमेऱ्याचं भोक भलतीकडे होतं. ते बुजवून दुसरं पाडलं, तर तेही भलतीकडेच पडलं. बसवताना डावा कोपरा दाबला की उजवा उचलायचा, उजवा दाबला की डावा. मला रडू येईल असं वाटायला लागलं. एवढा मोठा माणूस मी, मोबाइलच्या दुकानात आडवा उभा राहून रडणार होतो. मग कडेने चिकट लावल्यावर एकदाचे दोन्ही कोपरे टेकले. मागून येणारा वारा थांबला. माझ्या मागे एक मोटारसायकल गेली आणि ती माझ्यात न पडता सरळ निघून गेली.

"चिकट वाळायला संध्याकाळ होईल," मगदूम म्हणाले. "तवर वाकू नका, कुठं टेकू नका आणि पाठीवर कुणाला हात मारू देऊ नका."

"आत गेलंय ते बाहेर कसं काढायचं?"

त्यांनी कव्हरातून आत पाहिलं आणि जागा आता फार राहिलेली नाही एवढंच सांगितलं.

रिक्षात मी पुढे वाकून बसलो. वाकायचं नव्हतं म्हणून ताठ झालो, तर टेकायची वेळ आली. शेवटी रिक्षातच उभा राहिलो आणि डोकं टपाला लावून कार्यालयापर्यंत गेलो. रिक्षावाला म्हणाला, साहेब, मणक्याचा त्रास वाटतं. मी हो म्हणालो.

माझी बायको शोभना सकाळपासून कार्यालयातच होती. तिने मला दारातच गाठलं, उशीर का झाला ते विचारलं आणि जाकीट सारखं करायला म्हणून मागून वर केलं. मग ती वाकून पाहायला लागली.

"अहो, वरच्या खोलीतला दिवा चालूच ठेवलात."

मी म्हटलं, राहू दे.

"राहू दे काय? आणि देशिंगकर आपल्या ओट्यावर बसून काय करतायत?" तिने काचेवर टकटक करावी तसं माझ्या पाठीवर टकटक केलं. मी ओरडलो. लोक वळून बघायला लागले. शोभना चिडून निघून गेली आणि तिचं काही चुकलं होतं असंही मला म्हणता येत नव्हतं.

मुहूर्ताला अजून थोडा वेळ होता. मी भिंतीला पाठ न टेकवता, पण भिंतीच्या बाजूबाजूने सरकत मांडवाची पाहणी केली; कव्हर सुटलंच तर आत काय पडेल ते पाहायचं होतं. नवरी जिथे उभी राहणार त्याच्या मागे मी, माझ्या मागे पाहुणे, पाहुण्यांच्या मागे उघडं दार आणि दाराबाहेर अगदी सरळ रेषेत तुळशीवृंदावन. आमच्याकडे नवरीची आई लग्न पाहत नाही. मंगलाष्टकं चालू असताना ती तुळशीला पाणी घालत बसते. म्हणजे सुलभा माझ्या बरोब्बर मागे बसणार होती.

मी भटजींना म्हटलं, नवरानवरी दुसऱ्या बाजूने उभी केली तर? भटजी म्हणाले, दिशा मी ठरवलेल्या नाहीत. व्यवस्थापकांना म्हटलं, तुळस हलवता येईल का? त्यांनी मला नेऊन वृंदावनाचं सिमेंट दाखवलं. मग मी माझ्या मागे एक कपाट ठेवायला सांगितलं, तर फोटोग्राफर म्हणाला, फ्रेममध्ये कपाट येईल. फुलवाल्याकडे पडदा मागितला. त्याच्याकडे फक्त झिरमिळ्या होत्या. प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं आणि प्रत्येकाला एक ठेवून द्यावीशी वाटत होती.

शेवटी मी सुलभाला नवरीच्या खोलीत गाठलं. ती ऋताच्या शालूला पिना लावत होती. ऋता आरशात स्वतःला बघत होती, तिने आरशातूनच मला हात केला आणि मग माझ्या हातातल्या उघड्या फोनकडे बोट दाखवून शाबास अशी खूण केली.

सुलभाने फोन घेतला, मागून पाहिला, त्यावरून बोट फिरवलं.

"पुडी कुठाय, दादा?"

"कव्हराबरोबर गेली."

"कुठे?"

"घंटागाडीत."

तिने तोंडातली पिन काढून शालूला लावली. ती नीट बसली नाही, म्हणून काढून पुन्हा लावली.

"ओल्यात की सुक्यात?"

"सुक्यात."

"मग भिजली नसेल," सुलभा म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिला बाजूला घेऊन जाकीट वर केलं आणि सगळं सांगितलं. ती काही आश्चर्य करत बसली नाही. लहानपणापासून माझं ऐनवेळी काहीतरी निघतं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. मी म्हटलं, आजच्या दिवस तू पुढे बस, लग्न बघ, कोण काय म्हणतं ते मी बघतो.

"आईने माझं बघितलं नाही. मी हिचं बघणार नाही."

"मग निदान एका बाजूला बस."

"तुळस मागे आहे ती मागेच आहे. तिला काय चाकं आहेत?" तिने माझं जाकीट खाली ओढून सारखं केलं, पाठीला हात न लावता. "पुडी नाही ना आता तुझ्याकडे? मग मी बसते. तू ऋताच्या मागे, मी तुझ्या मागे."

ती तांब्या घेऊन निघून गेली.

सनई सुरू झाली. ऋताला आणून उभं केलं, अंतरपाट धरला गेला आणि मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. ताठ, न वाकता, न टेकता. चिकट वाळलं असावं असं मला वाटत होतं. ऋताने मान न वळवता विचारलं, "मामा, आलास ना?" मी म्हटलं, आलो. तिचे खांदे खाली आले. आतापर्यंत ते वर ओढलेले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तेवढ्यासाठी मी काळं कव्हरही लावून आलो असतो.

आणि त्याच वेळी मागून नवरदेवाचे चुलते आले. ते तालमीतले गृहस्थ. त्यांचा आवाज आधी आला, मग अत्तराचा वास.

"काय मामा," ते म्हणाले, "भाचीच्या मागं भक्कम हाय न्हवं?" आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

टक्.

चुलते माझ्या बाजूने पुढे निघून गेले, म्हणून वाचले. मी जाकिटाच्या आत हात घालून चाचपलं. डावा कोपरा उचलला गेला होता. मी तो दाबला. उजवा उचलला. मागून वारा लागायला लागला आणि भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं.

पहिल्या सावधानला माझ्या मागच्या अक्षता आल्या नाहीत. बाजूने आल्या, समोरून आल्या, मागून एकही दाणा आला नाही. मग मागच्या खुर्च्यांची करकर थांबली. रडणारं एक बाळ होतं, ते रडायचं थांबलं आणि माझ्या फासळीखाली रडायला लागलं. सनईवाले मागच्या ओट्यावर होते. ते आता आत वाजवत होते, घंटागाडीच्या गाण्यावर. मला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. मी दोन्ही हात मागे नेऊन कव्हर धरून ठेवलं, तर अक्षता टाकायला हात मोकळे राहिले नाहीत आणि भटजी डोळ्यांनी मला खुणा करायला लागले. मामांनी अक्षता टाकाव्यात. मी एक हात सोडला. कव्हर पायजम्यावरून घसरत खाली पडलं आणि तेही आत गेलं.

मागे वळून सुलभाला जा म्हणावंसं वाटत होतं. पण मी वळलो की ऋता माझ्या मागे येणार होती. मी ओरडलो, सुलू, ऊठ तिथून. सगळे एका सुरात सावधान म्हणाले आणि माझा आवाज त्यात बुडाला. कुणीतरी हसलं. मामा भावुक झाले, असं म्हणालं.

शेवटचं अष्टक झालं. अंतरपाट सरला, हार पडले, समोरच्या बाजूने ताशा कडाडला. ऋताने वळून माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळे काहीतरी शोधत होते.

"मामा," ती म्हणाली, "आईला बोलाव ना."

मी वळलो नाही. आत, पिंपळाच्या पलीकडे, तांब्या सिमेंटवर टेकल्याचा आवाज झाला आणि छातीच्या तळाशी गार वाटलं. सुलभा तुळशीला पाणी घालत होती. सावकाश, धार न मोडता. ते पाणी माझ्या पायजम्याच्या काठातून बाहेर आलं, पाटावरच्या अक्षता ओल्या करत पुढे सरकलं आणि ऋताच्या मेंदीच्या पावलांशी जाऊन थांबलं.